झोपडीत आलेला गव्हर्नर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, मग पाहुणे, मग पाऊस. डोळ्याला पट्टी होती तेव्हा सून वर्तमानपत्र वाचून दाखवायची. चित्र मात्र कुणी वाचून दाखवू शकत नाही. म्हणून पट्टी निघाल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती ही, की भाचीने आणलेले चित्र खिडकीत नेऊन नीट पाहिले.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लग्न झाल्यावर नवराबायको मॉरिशसला जाऊन आली. आमच्या वेळी लग्न झाले की केळझरच्या गणपतीला जायचे, नारळ फोडायचा आणि संध्याकाळी सेलूला परत यायचे. असो. सगळ्यांना शिंपल्यांच्या माळा वगैरे आणल्या आणि मला म्हणाली, "आत्या, तुला माळ काही आवडायची नाही, तुझ्यासाठी इतिहासाचं आणलं." पोर्ट लुईच्या एका दुकानातून तिने एका जुन्या फ्रेंच चित्राची छापील प्रत आणली होती. मूळ चित्र १८०६ सालचे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले.

हे तंत्र मला सायक्लोस्टाईलमुळे चटकन कळले. आमच्या शाळेत घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका आम्ही स्टेन्सिलवर लिहायचो. मेणाचा कागद, त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहिले की तेवढ्या रेघांचे मेण निघते आणि तिथूनच शाई झिरपते. तांब्याच्या पत्र्याचेही पहिले काम तसेच. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथले मेण निघाले तिथलेच तांबे तेजाब खाते. मग त्या खाचांत शाई भरून, वरची पुसून, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. त्यावर पुन्हा हत्याराने बारीक कोरकाम करायचे ते वेगळेच. आमच्या स्टेन्सिलवर चूक झाली तर लाल रंगाचे औषध लावून दुरुस्ती करता यायची. तांब्यावरची चूक मात्र घासून काढावी लागे.

चित्रात एक झोपडी आहे. तिच्यातली माणसे आहेत आणि त्यांच्या घरी आलेला बेटाचा गव्हर्नर आहे. तिकडे जाऊन राहिलेल्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे हे घर. चित्रकार फ्रांस्वा जेरार. हा साधा माणूस नव्हे, नेपोलियनची राज्याभिषेकाच्या पोषाखातली तसबीर काढणारा. आणि चित्र आहे एका कादंबरीतले, तिचे नाव 'पोल आणि विर्जिनी'.

कादंबरी लिहिली बर्नार्दँ द सँ-पिएर याने, १७८८ साली. हा गृहस्थ इंजिनिअर म्हणून १७६८ ते १७७० या काळात मॉरिशसला राहून आला होता. तेव्हा त्या बेटाचे नाव इल द फ्रान्स. कादंबरी इतकी खपली, की युरोपात मुलांची नावे पोल आणि विर्जिनी ठेवू लागले. पुढे १८०६ साली लेखकाने पॅरिसच्या दिदो छापखान्यातून तिची एक थाटाची आवृत्ती काढली. तिच्यात लेखकाची तसबीर आणि सहा नामवंत चित्रकारांची सहा चित्रे. त्यातलेच हे एक.

गोष्ट थोडक्यात सांगते. मादाम द ला तूर ही खानदानी घरातली बाई. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले म्हणून नवऱ्याबरोबर बेटावर आली. नवरा गुलाम विकत घ्यायला मादागास्करला गेला आणि तिकडेच तापाने मेला. दुसरी मार्गरीत, ब्रिटनीमधली शेतकऱ्याची पोर, फसवली गेलेली. दोघी पोर्ट लुईमागच्या डोंगराच्या कुशीत शेजारी शेजारी झोपड्या बांधून राहतात. एकीला विर्जिनी होते, दुसरीला पोल. दोघे भावाबहिणीसारखी वाढतात, मग एकमेकांवर जीव जडतो. फ्रान्समधली श्रीमंत आत्या (आत्या ही जात गोष्टीत नेहमी खलनायिका का असते कोण जाणे!) विर्जिनीला बोलावून घेते. पुढे ती परत येताना बेटाच्या अगदी किनाऱ्याजवळ जहाज फुटते आणि ती बुडते. पोल झुरून मरतो. ते सँ-जेराँ जहाज खरेच होते आणि १७४४ च्या ऑगस्टमध्ये खरेच फुटले होते. गव्हर्नर ला बूर्दोने हाही खराच. आठवीला मी कर्नाटकातली युद्धे शिकवायची. त्यात १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास घेणारा आणि मग डुप्लेशी भांडणारा जो ला बूर्दोने, तोच हा! वर्षानुवर्षे मी त्याचे नाव फळ्यावर लिहिले, पण तो कधी कुणाच्या झोपडीत जाऊन बसला असेल असे मनात आले नव्हते.

तर चित्रातला प्रसंग. आत्याचे पत्र आल्यावर गव्हर्नर स्वतः घरी येतो तेव्हा न्याहारी चाललेली असते. पुस्तकात लिहिले आहे की कॉफी होती, पाण्यात शिजवलेला भात होता, विर्जिनीने वर गरम रताळी आणि ताजी केळी आणून ठेवली. भांडी म्हणजे तुंब्याची अर्धुके आणि मेजावरच्या कापडाऐवजी केळीची पाने. हे वाचून मी थोडा वेळ थांबले. सेलूच्या माणसाला केळीच्या पानाचे काय सांगायचे! आमच्या लहानपणी या भागात केळीच्या बागाच बागा. विहिरींवर मोटा चालायच्या, घडांच्या बैलगाड्या भरून जायच्या. लग्नात पत्रावळी कमी पडल्या की कुणीतरी बागेत पळायचे आणि हातभर पाने कापून आणायचे. आता बागा फारशा उरल्या नाहीत. पण पॅरिसला छापलेल्या पुस्तकातली गरिबी म्हणजे केळीचे पान, आणि आमच्याकडे तेच पान सणाचे. गंमत वाटली.

गव्हर्नर त्या साधेपणावर खूश होतो. मग पैशांची भली मोठी थैली मेजावर ठेवतो आणि सांगतो, ही मुलीच्या प्रवासाच्या तयारीसाठी. थैली त्याने स्वतः उचलून आणलेली नाही. त्याच्या एका काळ्या गुलामाने आणलेली आहे. पुस्तकात एवढाच उल्लेख, अर्धे वाक्य.

या अर्ध्या वाक्यापाशी मी अडले.

गोष्टीत या दोन गरीब बायका आहेत, पण दोघींच्या घरी एकेक गुलाम आहे. मार्गरीतचा दोमँग, आफ्रिकेतला वोलोफ, आणि मादाम द ला तूरची मारी, मादागास्करची. जमीन साफ करतो दोमँग, पेरतो दोमँग. टोपल्या विणते, कोंबड्या राखते, स्वयंपाक करते मारी. झोपडी उभी आहे ती त्यांच्या हातांवर. लेखक गुलामगिरीच्या विरोधातला होता हे खरे. १७७३ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने बेटावरच्या गुलामांच्या हालांबद्दल स्पष्ट लिहिले आहे. कादंबरीतही एक प्रसंग आहे. मालकाच्या छळाला कंटाळून पळालेली एक गुलाम बाई रविवारी सकाळी झोपडीच्या दाराशी येते. विर्जिनी तिला जेवू घालते आणि पोलबरोबर चालत काळ्या नदीच्या भागात तिच्या मालकाकडे घेऊन जाते, तिच्यासाठी माफी मागते. मालक हो म्हणतो. पोरे आनंदाने परत फिरतात, वाट चुकतात, आणि शोधायला आलेला दोमँग त्यांना सांगतो की त्या बाईच्या पायात साखळी घालून तिला ओंडक्याला बांधले आहे आणि गळ्यात तीन आकड्यांचे लोखंडी कडे आहे. चांगले मन असले म्हणजे चांगले होतेच असे नाही, हे लेखकाला ठाऊक होते. तरी दोमँग आणि मारी आपल्या जागी सुखात आहेत असेच त्याने रंगवले. मला ते पटत नाही. आणि १८०६ साल लक्षात घ्या. क्रांतीच्या सरकारने १७९४ साली गुलामगिरी रद्द केली होती. बेटावरच्या मळेवाल्यांनी तो हुकूम मानलाच नाही, १७९६ साली तो घेऊन आलेल्या सरकारी माणसांना परत जहाजावर बसवून पाठवून दिले. नेपोलियनने १८०२ साली गुलामगिरी पुन्हा कायम केली. त्यानंतर चार वर्षांनी हे देखणे चित्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेले.

यापुढची गोष्ट कादंबरीत नाही, पण आपल्याशी तिचा संबंध आहे.

१८१० साली बेट इंग्रजांनी घेतले, नाव परत मॉरिशस झाले. मळे, भाषा, कायदे मात्र फ्रेंच मळेवाल्यांचेच राहिले. १८३५ च्या फेब्रुवारीत तिथली गुलामगिरी संपली. साठ हजारांहून जास्त माणसे सुटली आणि त्यांच्या बदल्यात वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. कुणाला? मालकांना! ऊस तर तोडायचाच होता. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याची युक्ती निघाली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलास' जहाजातून ३६ जण पोर्ट लुईला उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून, पण काही हजार आपल्या मुंबईतूनही. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा या बाजूची. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. 'अॅग्रीमेंट'चे झाले गिरमिट. आणि एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा कायदा. करार संपलेल्या माणसालाही १८६७ पासून स्वतःचा फोटो लावलेला पास खिशात बाळगावा लागे, नाहीतर पोलीस भटका म्हणून पकडत. या जाचाविरुद्ध १८७१ साली ९४०१ मजुरांनी अर्ज केला. तो लिहून देणारा आदोल्फ द प्लेविट्झ हा गोराच होता, मळेवाल्यांच्या घरातला जावई. त्याच्यावर मळेवाले इतके खवळले की त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. पण चौकशीसाठी विलायतेहून रॉयल कमिशन आले, ते त्या अर्जामुळे.

या मुंबईकडच्या माणसांची पणतवंडे आजही तिथे आहेत. घरात क्रिओल बोलतात. ती फ्रेंचमधूनच निघालेली बोली, त्याच गुलामांनी घडवलेली. पण मराठी शाळेत शिकवली जाते, मराठी मंडळींचा महासंघ आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिकडे 'झाकरी' म्हणून अजून नाचतात. भाचीने नकाशावर कास्कावेल नावाचे गाव दाखवले, मराठी लोकांची जुनी वस्ती. ते गाव काळ्या नदीच्याच जिल्ह्यात आहे. विर्जिनी ज्या भागात त्या बाईला परत पोचवायला गेली, तिथेच पुढे आपली माणसे गणपती बसवू लागली.

आमच्या या भागाशी आणखी एक धागा आहे. दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानात परतताना १९०१ च्या ऑक्टोबरअखेर गांधीजींचे जहाज मॉरिशसला लागले आणि ते अडीच एक आठवडे तिथे राहिले. पोरांना शिकवा, राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी गिरमिटियांना सांगितले. पुढे त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर नावाचे वकील तिकडे गेले. १९३६ साली तेच गांधीजी आमच्या शेजारी सेगावात झोपडी बांधून राहिले. मॉरिशसने १९६८ साली स्वातंत्र्यासाठी तारीख निवडली तीही १२ मार्च, दांडीयात्रेची. सेवाग्रामच्या कुटीसमोर मी शाळेच्या सहली घेऊन कितीतरी वेळा उभी राहिले आहे, पण मुलांना गिरमिटियांबद्दल एक शब्द सांगितला नाही. पाठ्यपुस्तकात नव्हते, आणि मला तरी कुठे माहीत होते!

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले.

त्या मजुरांची सगळी दप्तरे मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. प्रत्येकाचा नंबर, नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. १८६० नंतरच्या कित्येकांचे फोटोसुद्धा. लोक तिकडे जाऊन पणजोबांचा नंबर शोधतात आणि मग रत्नागिरीत गाव शोधत येतात. माणसावर नजर ठेवण्यासाठी केलेली कागदपत्रे, ती आता नातवंडांच्या उपयोगी पडतात.

हे वाचल्यावर मी उठले आणि कपाटातला आमचा जुना फोटो काढला. १९५८ च्या दिवाळीतला. वर्ध्याहून फोटोग्राफर बोलावला होता. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे. वाड्याच्या ओसरीवर आजी-आजोबा खुर्चीत, मागे बाबा आणि काका, आई आणि काकू पदर सावरून, खाली आम्ही पोरे. मी सात वर्षांची, समोरचा एक दात पडलेला. फोटोच्या मागे आजोबांच्या हाताने सगळ्यांची नावे डावीकडून क्रमाने लिहिली आहेत. तान्ह्या धाकट्या भावाचेसुद्धा.

उजव्या टोकाला बैलाचा कासरा धरून एक माणूस उभा आहे. बैल नवा घेतलेला होता म्हणून त्याला मुद्दाम फोटोत घेतले होते. बैलाचे नाव मागे लिहिले आहे. माणसाचे नाही.

तो आमचा सालगडी. आम्ही मुले त्याला दादा म्हणायचो. पाडव्याला साल ठरायचे. वर्षाचे ठरलेले धान्य, थोडे रोख, धोतरजोडी, एक घोंगडी, वहाणा. मधे पोरीच्या लग्नाला उचल घेतली की पुढचे सालही बांधले गेलेच. त्याने माझ्या आठवणीत निदान नऊ पाडवे आमच्याकडे काढले. पोळ्याला बैल सजवावेत ते त्यानेच. बोर नदीला पूर आला असताना त्याने मला खांद्यावर बसवून शाळेतून आणले होते, त्याच्या पागोट्याला धरून मी रडत होते, ते मला लख्ख आठवते. आडनाव आठवत नाही. गाव आठवत नाही. 'दादा' म्हणण्यात प्रेम होते, खोटे नाही. पण त्यामुळेच नाव विचारायचे राहून गेले.

बाबांची एक वही माळ्यावरच्या ट्रंकेत होती. तिच्यात त्याचे नाव असेल म्हणून नातवाला वर चढवले. वही सापडली. खाड्यांची वही. पानापानावर तारखा आणि पुढे 'गडी – खाडा १', 'गडी – खाडा २'. एके ठिकाणी 'गडी – ताप – खाडा ५'. पाच दिवस ताप होता, पाचही दिवस मांडले आहेत. बाबा दुष्ट नव्हते. त्याला वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेल्याचे आणि औषधाचे पैसे स्वतः दिल्याचे त्याच पानावर आहे. पण खाडा तो खाडा. मॉरिशसला एकाला दोन कापत, आमच्याकडे एकाला एक. मी हे वाचून नातवाला म्हटले, "आपण बरे होतो." तो म्हणाला, "आजी, नाव तर तिकडेच लिहिलं न." त्याला तेवढे इतिहासातले कळते असे मला वाटले नव्हते.

जेरारच्या चित्रातल्या झोपडीवर मी मघाशी एवढे बोलले, थैली उचलून आणणाऱ्याला अर्धे वाक्य मिळाले म्हणून लेखकावर रागावले. अर्धे का होईना, वाक्य तरी दिले त्याने.

तर घरातल्या मंडळींना विनंती. नागपूरच्या वहिनी, तुमचे लग्न १९६४ चे, तेव्हा दादा होता का? पुलगावच्या ताई, तुझ्या बाळंतपणात बाजेची सुंभ त्याने विणून दिली होती असे आई म्हणायची. तुला त्याच्या बायकोचे नाव, माहेर, काही आठवते का? त्याची मुलगी दिली होती ती हिंगणी की घोराड, असे काहीसे बोलणे माझ्या कानावर आहे. कुणालाही एवढेसे आठवले तरी फोन करा. दुपारी दोन ते चार सोडून, तेव्हा मी डोळ्यात थेंब घालून पडलेली असते.

फोटोच्या मागे, बैलाच्या नावाशेजारी, मी सध्या पेन्सिलने 'दादा' लिहून ठेवले आहे. आजोबांचे अक्षर शाईचे आहे. पूर्ण नाव कळले की मीही शाईने लिहीन.